गुलाबी मनोऱ्याचा दहावा ठोकळा

एक सेंटिमीटर म्हणजे नेमकं किती, या विषयावर अंबाजोगाईत सलग दोन दिवस चर्चा होईल असं सत्यशीलाला कुणी आधी सांगितलं असतं, तर तिला आनंदच झाला असता. गावात विज्ञानाची गोडी वाढतेय असं तिला वाटलं असतं. प्रत्यक्षात ती चर्चा झाली एका चार वर्षांच्या मुलाच्या पोटाबद्दल, आणि तीत दर दुसऱ्या वाक्याला सत्यशीलाचं नाव होतं.

सत्यशीला भौतिकशास्त्राची एम.एस्सी., बरीच वर्षं कॉलेजात मुलांकडून प्रयोग करून घेतलेली. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, तिच्या पर्समध्ये बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर असतो. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिनं मॉन्टेसरी शिक्षिका व्हायचं ठरवलं, तेही वर्गात काम करत करत. गावात नव्यानं निघालेल्या बालघरात दहा महिने शिकाऊ म्हणून राहायचं, विद्यावेतन घ्यायचं, आणि शेवटी पुण्याहून परीक्षक येऊन दोन तास वर्गात बसणार. त्यांनी होकार दिला तर प्रमाणपत्र आणि स्वतःचा वर्ग. नाही दिला तर परीक्षक परत येणार थेट पुढच्या वर्षी, आणि तोवर तो वर्ग दुसऱ्या कुणाचा तरी झालेला असणार.

शेजारच्या मंजुळाबाईंना हे तीन वेळा समजावून सांगावं लागलं.

“म्हंजे तू पोरं सांभाळनार?”

“सांभाळणार नाही, मावशी. निरीक्षण करणार.”

“आन् पोरं काय करनार?”

“कामं. पाणी ओतायचं, झाडायचं, काकडी चिरायची.”

“पोरं काम करनार, तू बघनार, आन् पगार तुला?” मंजुळाबाईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली. “आमच्या सुनंला बघ की असली एखादी.”

पहिली ठेच लागली ती नोंदणीला. विद्यावेतनासाठी शिकाऊ उमेदवारांच्या ऑनलाइन यादीत नाव घालावं लागतं. यादीत फिटर होता, वेल्डर होता, वायरमन होता, बेकरीवालाही होता. बालशिक्षण नव्हतं. नोंदणी केंद्रात कॉम्प्युटरवर बसणारा हरिओम फार मदत करणारा माणूस, आणि तिथंच घात झाला.

“मॅडम, यादीत जे हाय त्यातलंच एक घ्यावं लागतंय. तुमच्या शाळेत वापरायला काय काय असतंय?”

“साधनं असतात. बहुतेक लाकडी.”

“मग झालं की!” असं म्हणून हरिओमनं बटण दाबलं. आठवड्यानं सत्यशीलाचं ओळखपत्र आलं. फोटो, नाव, पत्ता, आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘सुतारकाम, मदतनीस’. दुरुस्तीसाठी ती बीडला गेली. तिथं सांगितलं, जिथं नोंदणी केली तिथंच दुरुस्ती होते. नोंदणी केंद्रात हरिओम म्हणाला, दुरुस्तीचं बटण फक्त बीडला आहे. अंबाजोगाई ते बीड या रस्त्याची तिला आता चांगली माहिती झाली होती. तिनं तो विषय तिथंच थांबवला. विद्यावेतन वेळेवर यायचं; पण ते सुतारकामाचं होतं, ही गोष्ट तिला मनातून बोचायची.

वर्गात तिच्या वरच्या जागी होती राजनंदिनी. ती सव्वीस वर्षांची. सत्यशीलाची एखादी विद्यार्थिनी शोभावी अशी, आणि बोलायला इतकी गोड की रागावताही येऊ नये. पहिले तीन महिने ती दिवसातून चाळीस वेळा एकच वाक्य म्हणायची, “सत्यशीलाताई, हात मागे.” कारण मूल पाणी ओतताना ते सांडणार हे सत्यशीलाला दोन सेकंद आधी दिसायचं, आणि हात आपोआप पुढं जायचा. तो जाऊ द्यायचा नाही, हेच शिक्षण. मुलानं सांडायचं, मुलानं बघायचं, मुलानंच पुसायचं. आपण वीतभर उंचीच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसायचं, हात पाठीमागं एकमेकांत गुंतवायचे आणि वहीत नोंद करायची. ज्या बाईनं वर्षानुवर्षं मोजपात्रातला थेंब न् थेंब मोजला, तिनं सांडणाऱ्या पाण्याकडं शांतपणे बघायचं. पण सवय झाली. घरी नवरा परमेश्वर चहा गाळताना निम्मा ओट्यावर सांडायचा, तेव्हाही ती हात मागं बांधून उभी राहायला लागली. परमेश्वर म्हणाला, “तुझ्या शाळेत नवऱ्यांना फडकं देत न्हाईत का?”

प्रशिक्षणाचा एक भाग म्हणून प्रत्येक शिकाऊनं एक साधन स्वतः तयार करून घ्यायचं होतं. सत्यशीलाच्या वाट्याला आला गुलाबी मनोरा. हे दहा लाकडी ठोकळे असतात. सगळ्यात मोठ्याची बाजू दहा सेंटिमीटर, पुढचा नऊ, असं करत करत शेवटचा एक. मनोरा एका कोपऱ्याशी जुळवून रचला की दोन बाजूंना पायऱ्या दिसतात, आणि प्रत्येक पायरी बरोबर एक सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे सगळ्यात लहान ठोकळा कुठल्याही पायरीवर ठेवा, काठाला काठ लागतो. मूल तो ठोकळा पायरीपायरीनं फिरवतं आणि आपलं बरोबर आलंय की नाही ते स्वतःच तपासतं. कुणाला विचारावं लागत नाही. सत्यशीलाला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिच्या अंगावर शहारा आला होता. इतकं सुंदर उपकरण तिनं कॉलेजातही पाहिलं नव्हतं.

ते करायला दिलं बंकट सुताराला. बंकटचा हात चांगला. दारं, चौकटी, देव्हारे, सगळं तो करतो, पण करतो सुतात. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. एक सेंटिमीटर म्हणजे त्याच्या हिशेबानं तीन सूत आणि वर किरकोळ. किरकोळ त्यानं सोडून दिलं.

सत्यशीलानं पर्समधून व्हर्नियर काढला. “बंकटमामा, हा साडेनऊ मिलिमीटर आहे. दहा पाहिजे.”

“ताई, अर्धा मिलिमीटर तर लाकूड दमट हवेत फुगतंय.”

“आणि हा मोठा. ह्यात पावणेपाच कमी.”

“सगळेच त्याच हिशेबानं कमी हायेत की! पायरी बी तेवढीच, ठोकळा बी तेवढाच. पोराला काय कळनार?”

बंकट जे म्हणत होता ते गणिताला धरून होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. ती एवढंच म्हणाली, “दहा म्हणजे दहा.” बंकटनं दहाही ठोकळे पुन्हा केले. पहिला संच त्यानं कोनाड्यात ठेवून दिला आणि दुकानात येईल त्याला सांगू लागला, “बाई सुताराची मदतनीस म्हनून सरकारात नोंद हाय, उगं न्हाई.”

आता या गोष्टीतली मोठी माणसं. बालघराची जागा गहिनीनाथरावांची. ते पंचायत समितीचे माजी सभापती. ‘माजी’ हा शब्द त्यांच्या घरात कुणी उच्चारत नाही. रोज सकाळी बंगल्याच्या हॉलमध्ये ते मोठ्या टेबलाशी बसतात आणि माणसं अर्ज घेऊन येतात. हे टेबलही बंकटनंच केलेलं, आणि ते डुगडुगतं. अर्ज ठेवला की ‘टक्’, चहा ठेवला की ‘टक्’, आणि चहा अर्जावर. पायाखाली नेहमी एक घडी घातलेली लग्नपत्रिका असायची. सभापतींकडं लग्नपत्रिकांना तोटा नव्हता. जुनी सटकली की नवी. जूनमध्ये नळाच्या जोडणीसाठी सत्यशीला तिथं गेली होती तेव्हा निम्मा कप तिच्या साडीवर आला होता. बंकटला तिनं विचारलं तर तो म्हणाला, “टेबल एक नंबर हाय. सायबांची फरशी उतरती हाय. आता तुमची फरशी वाकडी हाय असं सायबांना सांगतं कोन?”

त्यांचा नातू अमरसिंह बालघरात होता. आई-वडील पुण्याला नोकरीला, मूल आजी-आजोबांपाशी. सुरुवातीला नातवाच्या हातात झाडू बघून गहिनीनाथराव स्वतः आले होते. “बाई, आमच्याकडं झाडायला चार मानसं हायेत. ह्याला कावून झाडाय लावता?” राजनंदिनीनं त्यांना पाऊण तास समजावलं. ते पटलं की दमले हे कळलं नाही, पण गेले.

परीक्षक यायच्या होत्या बुधवारी. सोमवारी वर्ग सुटल्यावर साधनं मोजून ठेवायचं काम सत्यशीलाचं होतं. दहा महिन्यांत तिनं ते एकदाही चुकवलं नव्हतं. त्या सोमवारी ती परीक्षेसाठी फळ्यांवरची धूळ पुसत बसली, आणि मोजायचं राहिलं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता मनोऱ्याचे ठोकळे नऊ होते.

सतरंजी झटकली. कपाट ओढलं. मोरीची जाळी काढली. दप्तरं मुलांनी स्वतःच उलटी केली. त्यात बिस्किटं, एक चमचा आणि जिवंत गोगलगाय निघाली. ठोकळा नाही. काल शेवटी मनोऱ्यापाशी कोण होतं? वहीत नोंद होती: अमरसिंह. लहान ठोकळा प्रत्येक पायरीवर, सव्वीस मिनिटं.

सत्यशीला त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. आणि इथं तिनं ती चूक केली, जी तिनं प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलालाही करू दिली नसती.

“अमरसिंह, छोटा ठोकळा तू गिळलास का रे?”

अमरसिंहानं विचार केला आणि मान डोलावली. “हो.”

अर्ध्या तासात ती मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी उभी होती. एका बाजूला गहिनीनाथराव, दुसऱ्या बाजूला त्यांच्या पत्नी तुळजाबाई, आणि मध्ये अमरसिंह, दवाखान्यात आणल्याबद्दल सगळ्यांवर खूश.

“काय गिळलं?” खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

“लाकडी ठोकळा. बाजू दहा पूर्णांक शून्य दोन मिलिमीटर. सागवान. रंग खेळण्यांसाठीचा, विषारी नाही.”

कारकुनानं पेन थांबवलं. “तुम्ही कोण?”

“त्याची शिक्षिका.”

“ओळखपत्र?”

तिनं ते दिलं. कारकुनानं ते वाचलं, तिच्याकडं बघितलं, पुन्हा वाचलं. “बाई, ह्याच्यावर सुतारकाम लिहिलंय.”

मागून गहिनीनाथराव सावकाश म्हणाले, “अस्सं.” त्या एका शब्दात बालघराचा भाडेकरार, परीक्षा आणि सत्यशीलाचे दहा महिने असं सगळं येऊन गेलं.

आत एक तरुण डॉक्टर होता. एक्स-रे काढू या म्हणाला.

“लाकूड एक्स-रेत दिसत नाही,” सत्यशीला म्हणाली. ती क्वचितच बोलते, पण चुकीच्या वेळी बरोबर बोलते.

डॉक्टरनं केसपेपरवर नजर टाकली. “सुतारकामात हेही शिकवतात?” मग त्यानं अमरसिंहाचं पोट दाबलं, छाती तपासली, घसा पाहिला. श्वास नीट होता, पोट मऊ होतं, भूक उत्तम होती. “असलाच आत, तर एवढा ठोकळा आपणहून निघून जाईल. उलटी झाली, पोट दुखलं तर लगेच आणा. नाहीतर दोन दिवस लक्ष ठेवा.”

“लक्ष म्हंजे?” गहिनीनाथरावांनी विचारलं.

डॉक्टरनं लक्ष म्हणजे कुठं, ते सांगितलं.

गहिनीनाथरावांनी आयुष्यात अनेक निवडणुका लढवल्या होत्या. त्यामुळं माणूस नेमणं त्यांना नवं नव्हतं. संध्याकाळी सत्यशीला चौकशीला बंगल्यावर गेली तर त्यांचा विश्वासू माणूस सटवा संडासाच्या दाराशी खुर्ची टाकून वही घेऊन बसला होता. मतदान केंद्रावर बसतो तसाच, चेहरा गंभीर.

“किती झालं?” गहिनीनाथरावांनी हॉलमधून विचारलं.

“एक डाव झालं साहेब. निकाल न्हाई.”

तुळजाबाईंनी तिला चहा दिला. सत्यशीलानं कप टेबलावर ठेवला आणि त्याकडं बघत बसली. चहा अगदी स्थिर होता. पृष्ठभाग आडवा, काठाला सगळीकडं सारखा. हे तिला दिसलं. दहा महिन्यांच्या सरावानं ते आपोआप दिसलं. पण तिचं मन त्या वेळी दुसऱ्याच्या पोटात होतं, त्यामुळं त्या निरीक्षणाचं काही झालं नाही.

घरी मंजुळाबाई वाट बघत होत्या. त्यांच्याकडं उपाय होते. केळी खाऊ घालायची. एरंडेल द्यायचं. पोराला उलटं धरून पाठीत धपाटे घालायचे. त्यांच्या चुलतभावानं लहानपणी चार आणे गिळले होते, तो आता आष्टीला तलाठी आहे. “निघाले का ते चार आणे?” परमेश्वरनं विचारलं. “ते कोन बघतंय? पोरगं नोकरीला लागलं न्हवं?” मंजुळाबाई म्हणाल्या.

बुधवारी सकाळपर्यंत ठोकळा गावभर फिरला होता आणि जाईल तिथं वाढत होता. बसस्टँडवर तो विटेएवढा झाला. एका रिक्षावाल्यानं सत्यशीलालाच सांगितलं, “त्या शाळंत जाऊ नका, तिथं पोरांना लाकूड चारत्यात.” ती म्हणाली, “मला तिथंच सोडा.” त्यानं सोडलं, पण आरशातून बघत राहिला.

अठरा मुलांपैकी आली सहा.

पावणेनऊला बंकट पिशवी घेऊन हजर झाला. “ताई, कानावर आलं. धा ठोकळे तर दिसाय पायजेत ना? हे घ्या आपलं जुनं तीन सुताचं पिल्लू.” त्यानं तो साडेनऊ मिलिमीटरचा, नाकारलेला ठोकळा मनोऱ्यावर ठेवला. गुलाबी, गुळगुळीत. लांबून कुणालाही कळलं नसतं. सत्यशीलानं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या मिलिमीटरकडं डोळेझाक केली.

नवाच्या ठोक्याला परीक्षक लेलेबाई आल्या. साठीच्या, बारीक, पांढऱ्या केसांचा अंबाडा. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या आणि वही उघडली. पहिली वीस मिनिटं सगळं सुरेख चाललं. मग संस्कृती उठली. वय साडेचार, वडील भाजीचा गाडा लावतात, आणि वजनात कुणी फसवलं तर तिला आधी कळतं. तिनं मनोरा आणला, सतरंजीवर रचला, लहान ठोकळा उचलला आणि पायरीवर ठेवला. मग तिनं पायरीवरून बोट फिरवलं. ठोकळा दुसऱ्या पायरीवर नेला. तिसऱ्या. चौथ्या. शेवटी तो मुठीत धरून ती सरळ सत्यशीलापाशी आली आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशी कुजबुजली, “ताई, ह्यो आपला न्हाई. ह्यो बारका हाय.”

सत्यशीलाला एकाच क्षणी दोन गोष्टी वाटल्या. एक, आपलं संपलं. दोन, अर्धा मिलिमीटर! साडेचार वर्षांच्या मुलीच्या बोटाला अर्धा मिलिमीटर कळला! दारात उभ्या बंकटकडं तिनं एकदा बघितलं. बंकटनं टोपी काढली.

लेलेबाईंची भुवई वर गेली होती. “हा ठोकळा कुठला?”

खोटं बोलायचं असेल तर आधीपासून सराव लागतो, आणि सत्यशीलाला तो नव्हता. “बदली आहे,” ती म्हणाली. “खरा हरवलाय. बहुतेक एका मुलाच्या पोटात आहे. सोमवारी मी मोजलं नाही, चूक माझी आहे.”

तेवढ्यात राजनंदिनीचा फोन वाजला. गहिनीनाथरावांनी बोलावलं होतं. आत्ताच्या आत्ता, आणि त्या सुतारीणबाईला घेऊन. जागा रिकामी करण्याचं बोलायचं होतं.

सहा मुलांपाशी राजनंदिनी थांबली. सत्यशीला लेलेबाईंची क्षमा मागून निघाली, तर लेलेबाईही वही मिटून उठल्या. “माझे दोन तास अजून संपलेले नाहीत. तुमचा विद्यार्थी जिथं आहे, तिथं मी बसते.”

बंगल्यात सटवा तसाच खुर्चीवर होता, थोडा उतरलेला. गहिनीनाथराव टेबलापलीकडं बसले होते. त्यांनी बोलायला सुरुवात केली. जागा दिली तेव्हा शाळा म्हणून दिली, सुताराचं दुकान म्हणून नव्हे. पोराला काही झालं असतं तर. पोराच्या बापाला पुण्याला काय सांगायचं. असं बराच वेळ. सत्यशीला ऐकत होती आणि फरशीवर खेळणाऱ्या अमरसिंहाकडं बघत होती. तिच्या डोक्यात काहीतरी हललं. तिनं दहा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडलं.

“अमरसिंह, तू ट्रॅक्टर गिळलास का?”

“हो,” अमरसिंह म्हणाला.

“किती?”

“दोन.”

गहिनीनाथरावांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांचे ट्रॅक्टर दोनच होते.

“प्रश्न माझा चुकला होता,” सत्यशीला म्हणाली. “मी उत्तर आधीच प्रश्नात घालून दिलं. साहेब, मला एक तास द्या. मी इथं बसून फक्त बघेन. कुणी त्याला काही विचारायचं नाही, काही द्यायचं नाही. तासानंतर तुम्ही म्हणाल तसं.”

“आन् आमी काय करायचं?”

“गप्प बसायचं.”

सभापतींना असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते लेलेबाईंकडं वळले, तर त्या भिंतीशी बसून घड्याळ बघत होत्या. मग तेही बसले.

सत्यशीला फरशीवर बसली, हात मागं गुंतवले. पंधरा मिनिटांत गुडघा भरून आला. अमरसिंहानं दाराशी पडलेल्या चपला जोड्या लावून ठेवल्या. सभापतींची एक आणि सटवाची एक, असा एक जोड लागला, तो त्यानंच ओळखून बदलला. तुळजाबाई पुढं सरसावल्या, सत्यशीलानं मान हलवली, त्या थांबल्या. त्यानं केळं सोललं, साल डब्यात टाकली. गहिनीनाथराव तीनदा बोलायला गेले आणि तीनदा लेलेबाईंनी नुसतं बोट वर केलं. बाहेर अर्जवाले जमले होते. साहेब गप्प आहेत हे बघून दोघं घाबरून निघून गेले.

चाळीस मिनिटं झाली. सत्यशीलाला आता पुढच्या वर्षाचं चित्र दिसायला लागलं होतं. रिकामा वर्ग, मंजुळाबाईंचं सांत्वन, हरिओमकडं पुन्हा नोंदणी.

मग सटवाला राहवलं नाही. तो पाणी प्यायला उठला आणि जाता जाता त्याची मांडी टेबलाला लागली. ‘टक्.’

अमरसिंहाचे कान टवकारले. तो उठला, टेबलापाशी आला आणि सरळ पोटावर पालथा झाला. हात आत घातला, काहीतरी सरकवलं. बाहेर आला, दोन्ही तळवे टेबलावर ठेवून दाबून बघितलं. पुन्हा खाली गेला, केसभर सरकवलं. पुन्हा दाबलं. आवाज नाही. समाधान झाल्यावर तो हात झटकून केळ्याकडं परत गेला.

मग पंचायत समितीचे माजी सभापती खुर्चीतून उतरले, धोतर सावरलं आणि फरशीवर आडवे झाले. टेबलाखालून त्यांचा आवाज आला.

“गुलाबी हाय.”

“अगं बाई!” तुळजाबाईंनी तोंडाला पदर लावला. “म्हनूनच परवापासून चहा सांडंना व्हय! मला वाटलं फरशी बसली!”

“कुठून शिकलास रे हे?” आजोबांनी खालूनच विचारलं.

“टेबल डुगडुगतंय,” अमरसिंह म्हणाला. तेवढं कारण पुरेसं होतं. “एवढी फट होती.” त्यानं बोटांनी दाखवलं, आणि ते एक सेंटिमीटर होतं. सत्यशीलाला मोजावं लागलं नाही. सोमवारी सव्वीस मिनिटं तो त्याच मापाची फट भरत होता. घरी तसलीच फट होती, ती त्यानं भरली. आणि दोन दिवस सारं घर, दवाखाना, अर्धं गाव त्याला ‘गिळलास का’ एवढंच विचारत होतं. ‘कुठं ठेवलास’ हे कुणी विचारलंच नव्हतं.

सत्यशीलाचे हात अजून पाठीमागंच होते. सोडवायला गेली तर बोटं वळली होती. तुळजाबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाल्या, “माय, लई बसलीस गं तू.” त्यावर मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते पुसलं नाही, आपणहून सुकू दिलं.

पुढचा प्रश्न गहिनीनाथरावांनीच काढला. ठोकळा शाळेचा, तो शाळेत जायला हवा. मग टेबलाचं काय? मागोमाग आलेला बंकट दारातून पुढं झाला. त्यानं वर्गातून उचलून आणलेलं साडेनऊचं पिल्लू काढलं आणि पायाखाली सारलं. अमरसिंहानं टेबल दाबलं. ‘टक्’, पण बारीक.

“बारका हाय,” अमरसिंह म्हणाला.

तो खणापाशी गेला, एक जुनी लग्नपत्रिका काढली, जाड कागदाचा कोपरा फाडला, ठोकळ्यावर ठेवला आणि परत सारला. दाबलं. आवाज नाही. सत्यशीलानं पर्समधून व्हर्नियर काढला आणि उरलेल्या पत्रिकेची जाडी घेतली. अर्धा मिलिमीटर. साडेनऊ अधिक अर्धा.

“धा म्हंजे धा,” बंकट पुटपुटला. फरशीबद्दल तो काही बोलला नाही.

चहा आला. लेलेबाईंनी त्याच टेबलावर परीक्षेचा कागद पसरला, कप त्याच्या शेजारी ठेवला आणि लिहायला लागल्या. चहा हलला नाही. अर्धं पान झाल्यावर त्या एका रकान्यापाशी थांबल्या.

“तुमच्या नोंदणीत व्यवसाय ‘सुतारकाम, मदतनीस’ असा का आहे?”

“यादीत बालशिक्षण नव्हतं,” सत्यशीला म्हणाली. “बीडला दुरुस्ती करायला गेले होते, पण...”

लेलेबाईंनी टेबल हातानं दाबून बघितलं. मग अमरसिंहाकडं बघितलं, आणि सत्यशीलाच्या अजूनही आखडलेल्या बोटांकडं. “राहू दे तसंच,” त्या म्हणाल्या, आणि खाली सही केली. ‘उत्तीर्ण’ हा शब्द त्यांनी जरा मोठ्या अक्षरात लिहिला होता. “सोमवारी मोजलं नाहीत, ते मात्र मी लिहिलंय हं.”

“लिहायलाच हवं,” सत्यशीला म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

गहिनीनाथरावांनी सटवाला हाक मारली. “ऊठ बे. निकाल लागला.”

सटवानं वही मिटली. एवढ्या वर्षांत कुठल्याच निकालानं त्याला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

दुपारी सत्यशीला घरी निघाली. खरा ठोकळा रुमालात गुंडाळून पर्समध्ये, व्हर्नियरच्या शेजारी. शाळेत ठेवायच्या आधी तिला तो एकदा मोजायचा होता. गल्लीच्या तोंडाशी मंजुळाबाई सुपात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. तिला बघताच सूप थांबलं, आणि त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं,

“निघाला का गं?”

“निघाला, मावशी.”

“देवा! कवा?”

“साडेदहाला.”

“आन् पोरगं बरं हाय?”

“छान आहे. केळं खाल्लं त्यानं.”

“मी म्हनलं न्हवतं, केळी द्या म्हनून!” मंजुळाबाईंनी आजूबाजूच्या दारांकडं बघितलं. सगळ्या दारांत माणसं होती.

टेबलाचं सांगायला सत्यशीलानं तोंड उघडलं. मग तिनं हात मागं घेतले, बोटांत बोटं गुंतवली, आणि मंजुळाबाईंना आनंदानं पाखडू दिलं.